मध्येच तोडायचं नाही

"बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा." रेडिओ केंद्रातल्या पहिल्याच दिवशी साहेबांनी दिलेला हा दम बातमीकाकांच्या कानात अजून जसाच्या तसा होता, साहेबांच्या शिंकेसकट.

पुढे सारी नोकरी बातम्या वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर नजरही गेली. एकदम नाही, निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखी. आणि आता अंधांच्या ग्रंथालयाने मुलांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायला काकांना बोलावलं होतं. उद्या सकाळी चाचणी. यंत्राने कानात वाक्य सांगायचं आणि काकांनी ते आपल्या आवाजात म्हणायचं, अशी तिथली रीत. यंत्र जमलं तर काम, नाहीतर पुन्हा खुर्ची आणि गॅलरी.

काकूंनी वाचून दाखवण्याचा प्रयोग आधीच फसला होता. काकूंनी पहिली ओळ वाचली, उडी मारून शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. "कासवाला विहीर सापडते शेवटी. आता कशाला जिवाला घोर?"

थोरल्या मुलाने लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातलेला जुना कॉम्प्युटर पाठवला होता, आणि तो शिकायला मदत करणाऱ्या एका मंडळाचा फोन नंबर. मदत करायला त्याला स्वतःला वेळ नव्हता.

"काका, पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज चालू करायला आल्ट, सुपर आणि एस, तिन्ही एकदम दाबा," फोनवरची मुलगी म्हणाली.

"सुपर कुठलं?"

"लांब पट्टीच्या डावीकडे आल्ट. त्याच्या डावीकडे सुपर."

काकांनी दाबलं. शांतता. "तुमच्याच्याने व्हायचं नाही ते," म्हणत काकूंनी ओल्या हाताने दाबलं. शांतता. काकांनी पुन्हा दाबलं.

"हात काढा दोघांनीही," मुलगी म्हणाली. "त्याला उठायला जरा वेळ लागतो. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. तुम्ही चालू करताय आणि काकू बंद करतायत."

"लग्नापासून हेच चाललंय," काका म्हणाले.

तेवढ्यात यंत्राला कंठ फुटला. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज. काकू दचकल्या, त्यांचा हात माउसवर पडला आणि वापराच्या अटींचं एक लांबलचक पान उघडलं. यंत्र ते पहिल्या अटीपासून वाचू लागलं.

"कंट्रोल दाबा, गप्प होईल," मुलगी म्हणाली.

काका हात मांडीवर ठेवून बसले होते. "त्याचं होऊ दे."

"ते आज होणार नाही, काका."

"बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. आमची शिस्त आहे."

काकूंचे कांदे चिरून झाले. यंत्र नुकसानभरपाईपाशी आलं होतं आणि काका अदबीने मान डोलावत होते. फोनमधून मात्र आता भलताच कलकलाट ऐकू येऊ लागला.

"तुमच्याकडे कोण भांडतंय?"

"माझा कॉम्प्युटर. मलाही दिसत नाही, काका. मी अर्धा शब्द ऐकते आणि त्याची मान पिरगाळते. दिवसभर. त्याला काही वाटत नाही."

काकांनी मांडीवरचा हात उचलला. मग बोट कंट्रोलवर नेलं. "माफ करा हं," ते यंत्राला म्हणाले आणि त्यांनी त्याला गप्प केलं. पुढे प्रत्येक वेळी माफी मागूनच.

सरावासाठी ग्रंथालयाने पाठवलेली तीच कासवाची गोष्ट उघडली. "एका कोरड्या गावात स्वल्पविराम एक म्हातारं कासव स्वल्पविराम..."

"अहो, लेखकाने पोटात ठेवलंय ते हा चव्हाट्यावर मांडतोय," काका कळवळले. मुलीने विरामचिन्हांची बडबड बंद करायला शिकवलं, वेग कमी करायला शिकवलं, आणि "उद्या माफी मागत बसू नका, सगळं रेकॉर्ड होईल," असं बजावून फोन ठेवला.

काकांनी इअरफोन कानात घातला. डब्यातले खडे आत पडू लागले आणि काकांच्या ओठांतून आवाज पाण्यासारखा वाहू लागला. कोरडं गाव, भेगाळलेली वाट, पाठीवर घर घेऊन निघालेलं कासव, ओलाव्याचा वास हुंगत, थांबत, पुन्हा निघत. श्वास वाक्याआधी, मध्ये कुठेच नाही. चमचा हातात तसाच धरून काकू दारात उभ्या राहिल्या. मागे भाजी लागली, तरी हलल्या नाहीत.

कासव खडकाखाली अडकलं आणि काका पाणी प्यायला थांबले.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मग काय? शेवट तूच सांगितलास की."

"शेवट माहीत आहे हो. मधलं कुठे ऐकलं होतं?" काकू समोर बसल्या. चमचा या हातातून त्या हातात गेला. "तुम्ही बातम्या वाचून रोज घरी येऊन विचारायचात, आज कसं झालं म्हणून."

"आणि तू म्हणायचीस, छान झालं. कधी एक चूक काढली नाहीस."

"ऐकलंच नाही कधी. घरात एरवी तोंडातून शब्द नाही आणि तिथे सगळ्या जगाशी एवढं गोड बोलणं. मला राग यायचा. तुम्ही 'नमस्कार' म्हणालात की मी रेडिओचं बटण फिरवून बंद करायचे. रोज. नमस्काराच्या पुढे एकदाही जाऊ दिलं नाही तुम्हाला."