मेणात कोरलेला मोर

सुभेदार तात्यांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. तोंड उघडायला लावलं. "खालची डावी दाढ किडल्या. दाखीव कुणाला तरी."

सैन्याच्या दवाखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं कवळ्या बनवल्या. वाईत आमच्या शेजारी राहतात, पण अजूनही माणूस दातांवरूनच ओळखतात.

यंदा खिळा ठोकताना त्यांच्या हातून स्वयंपाकघराच्या वाटेवरची मोराची टाइल फुटली. त्या भिंतीवर फुलांच्या उठावाच्या अठरा टाइल्स. मोर एकच, पायरीजवळ. साखरेच्या आजारानं तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर गेली आहे. बोटांना मोर लागला, की त्या पाय खाली टाकतात. तेव्हा त्या दोन महिने साताऱ्याला मुलीकडे होत्या. परतायच्या आत मोर हवा होता. बाजारात मिळेना.

"मग कोरू की! मोर म्हंजे एक मोठा दातच."

तात्यांनी फुटके तुकडे डिंकानं जोडून समोर ठेवले, मेणाची वडी ओतली आणि दात कोरायच्या हत्यारांनी बारा दिवसांत हुबेहूब मोर कोरला. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात माती, मग कुंभाराची भट्टी. टाइल आली साडेतेरा सेंटीमीटरची. भिंतीतली जागा पंधराची.

"माती चोरलीस व्हय रं?" तात्या कडाडले.

"आवं सुभेदार, माती वाळली, भाजली की आकसती. कवळी न्हवं ती!" कुंभार म्हणाला.

शंभरात दहा घट. मी कागदावर भागाकार केला: मेण सोळा पूर्णांक सात हवं. तात्यांनी आकडा दोनदा तपासला. "गड्या, दाढ किडकी असली तरी डोस्कं शाबूत हाय तुझं."

दुसरा मोर बरोबर बसला. हिरवा रंग जरा फिका वाटतो, असं मी म्हणालो.

"रंगाचं सोड." त्यांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि भिंतीला बोटं लावून चालू लागले. मोराशी थांबले, पिसं कानशीनं किंचित घासली, पुन्हा दारापासून सुरुवात. मी मोजलं: सतरा वेळा.

काकू आल्या. बोटं फुलांवरून सरकत मोराशी थांबली.

"आवं, ह्यो नवा हाय."

तात्यांचा चेहरा पडला. "कशावरनं?"

"जुना एवढा गुळगुळीत न्हवता." आणि काकूंनी बेधडक पाय खाली टाकला.

पायरीखाली तात्या दोन्ही हात पुढं पसरून उभे होते. आवाज न करता.

"आन् वाटंत कशाला हुबं ऱ्हायलाय? सरा तिकडं," काकू म्हणाल्या.

तात्या सरले.