सगळ्यांतले मोकाशी सर

कराडात आमच्या कॉलनीत ‘आज सगळीकडं लाइट गेलीय’ असं म्हणायची सोय नाही. शेजारचे मोकाशी सर लगेच गॅलरीत येतात. “सगळीकडं? मलकापुरात बघून आलास?”

सर इंजिनिअरिंगच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि फळा घरी आला. लोकांची वाक्यं ते त्यावर चिन्हांत लिहितात. ‘सगळे’साठी डोक्यावर उभा राहिलेला ए, ‘निदान एक’साठी तोंड फिरवून बसलेला ई. एकदा माझी बायको चिडून म्हणाली, “सगळे पुरुष सारखेच!” सरांनी खडू उचलला. “एक वेगळा सापडला की वाक्य पडलं. शोधू या?”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. “शोधा सावकाश. मला घाई नाही.”

मुलं काय करतात, असं कुणी विचारलं की सर सांगायचे, “माझी सगळी मुलं कलेक्टर आहेत.” दोन वर्षं मी या माणसाला वचकून होतो. मग कळलं, त्यांना मूलच नाही. “मग कलेक्टर नसलेलं एक तरी दाखव की!” म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मला हसावं की नाही कळेना.

सरांची बायको, आमच्या काकू, वारल्या आणि सर कुणाकडं जेवायलाच येईनात. आईच्या जिवाला ते लागून राहिलं. “एकलं मानूस काय शिजवून खात आसंल रं?” म्हणायची. माझ्या मुलीच्या बारशाला तिनं मुद्दाम कॉलनीला चूलबंद आवतण द्यायला लावलं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, कुणी चूल पेटवायची नाही. मी ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि मोकळा झालो.

पंगती उठल्या तरी सरांचा पत्ता नाही. आई तरातरा त्यांच्याकडं निघाली, मागोमाग मी. दार उघडंच होतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. स्वयंपाकघरात सामसूम.

“आवं सर, आवतण मिळालं न्हाई व्हय?”

“मिळालं की आक्का. सगळ्यांनी यावं. मी सगळ्यांतला एक. म्हणून मी यावं. सिद्ध होतंय.” सरांनी शर्टाची बाही सारखी केली. “पण असं सिद्ध करून कुणाच्या पंगतीला जाऊन बसवत नाही हो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार पावलांवरचं घर, आणि मी बोट दाबून मोकळा झालो होतो.

आईनं पदर सावरला. “मोकाशी सर, तुमालाच बोलवायला आलेय. मी बी जेवली न्हाई आजून. तुमच्यासाठी थांबलेय.”

सर उठले. एकही प्रश्न न विचारता त्यांनी चपला घातल्या आणि आमच्या पुढं चालू लागले.