हो, आनंदाने

परदेशात लेकीकडे येऊन अप्पांना पाच आठवडे झाले होते आणि तिथल्या भाषेतले त्यांना नेमके दोन शब्द येत होते. त्यांचा अर्थ, "हो, आनंदाने." कोणी चहा विचारला, बसमध्ये जागा देऊ केली, की एवढं म्हणायचं, असं लेकीने शिकवलं होतं. 'नाही'ला काय म्हणतात तेही अप्पांनी विचारून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, तुम्हाला मराठीत तरी कधी म्हणता आलंय?"

ते खरंच होतं. शेजाऱ्याने दोन दिवसांसाठी ठेवलेली शिडी अकरा वर्षं अप्पांच्या बाल्कनीत उभी होती. पण अप्पांनी अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या जिवाला लागायची. ते दोन शब्द त्यांनी आरशासमोर इतके घोटले, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीची भाषाही यांना येतेच. घात झाला तो इथेच.

त्या दिवशी लेक अप्पांना आणि त्यांच्या बायकोला शहराबाहेरच्या कलाग्रामात घेऊन गेली. जुन्या गोदामांची एक लांबलचक ओळ, त्यात चित्रकार, कुंभार, विणकर, प्रत्येकाची एकेक खोली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने बेधडक आत डोकावावं अशी रीत. थंडी होती म्हणून बायकोने अप्पांना कांद्यासारखं गुंडाळलं होतं. बनियनवर शर्ट, शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा, मग कोट आणि सगळ्यांच्या वर मफलर. मायलेकी विणकराच्या खोलीत शिरल्या. साडेचारची बस आहे, इथून हलू नका, असं अप्पांना बजावून गेल्या.

अप्पा हलणार नव्हते. पण बोचरा वारा सुटला आणि शेजारच्या दाराच्या फटीतून छान ऊब येत होती. त्यांनी जरासं डोकावलं, तर रंगाने माखलेला एप्रन घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई लगबगीने पुढे आली आणि तिने काहीतरी विचारलं. आत येता का, असंच असणार. अप्पांनी शुद्ध उच्चारात सांगितलं, हो, आनंदाने.

बाईचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. तिने त्यांना खोलीच्या मधोमध उंच स्टुलावर बसवलं. भोवताली दहा-बारा माणसं कागद लावलेल्या फळ्यांमागे पेन्सिली सरसावून उभी होती. बाईने मफलरकडे हात केला. खोलीत उकडतंच होतं, हो, आनंदाने. मग कोट. किती आपुलकीची माणसं, अप्पांच्या मनात आलं. पहिला स्वेटर उतरला, त्याखालून दुसरा निघाला, तेव्हा वर्गात खसखस पिकली. अप्पाही हसले, कारण सगळे हसत असताना आपण गप्प राहणं बरं दिसत नाही. शर्टाच्या बटणांपाशी मात्र त्यांना शंका आली. पण आता नकार द्यायचा कुठल्या शब्दात? जवळ होते तेच दोन शब्द त्यांनी दिले.

बनियनवर आलेल्या अप्पांकडे समाधानाने बघत बाईने पट्ट्याकडे बोट दाखवलं.

अब्रूचा प्रश्न होता आणि जिभेवर फक्त आनंद होता. अप्पांनी दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. बाईने पुन्हा विचारलं. अप्पांचे ओठ सवयीने हलू लागले, तोच दार उघडलं.

"अहो," बायको म्हणाली, "हे काय चालवलंय?"

"हो, आनंदाने," अप्पांच्या तोंडून निघून गेलं, तेही तिथल्याच भाषेत.

लेक पुढे झाली. बाईशी बोलता बोलता ती लाल झाली, मग हसू दाबू लागली. यांचा चित्रासाठी बसणारा म्हातारा आज आलाच नाही, यांना वाटलं तो तुम्हीच, असं तिने सांगितलं. बाईने दहादा माफी मागितली. आहेत तसे आणखी अर्धा तास बसतील का, असंही तिने भीत भीत विचारलं. लेक परस्परच नकार द्यायला निघाली. बायकोने शर्ट उचलून पुढे धरला.

"चढवा आधी हा. बस जाईल."

अप्पांनी समोर पाहिलं. जन्मभर त्यांनी इतरांच्या चुका शोधल्या होत्या, मान खाली घालून. आज बारा माणसं टक लावून त्यांच्याकडे बघत होती आणि कोणी समासात एकही खूण केली नव्हती. त्यांनी पट्टा सोडला, हात मांडीवर ठेवले.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"शर्ट नको. पुढच्या बसने जाऊ."

खोलीत पेन्सिलींची खरखर सुरू झाली. बायकोने शर्टाची घडी घातली. मग तिने एक खुर्ची ओढली, स्वेटर मांडीवर घेतले आणि लेकीला म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला नको म्हणाले. तेही बनियनवर."

अप्पांना यावर उत्तर सुचलं होतं. पण समोरच्या फळ्यांवर तेव्हा त्यांचे ओठ काढायचं काम चाललं होतं, म्हणून त्यांनी ते हलवले नाहीत.