बाळ येशूचं तोंड कुणीकडे

आमच्या बेटावर, सेंट जॉन्समध्ये, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी प्रागच्या बाळ येशूची मूर्ती घराबाहेर कुंपणाखाली ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. माझ्या आईच्या लग्नात पडलं, माझ्या लग्नात पडलं (म्हणजे फोटो काढण्यापुरतं पडलं; पण फोटोत आहे). तेव्हा प्रथेत खोट नाही. चूक माझी झाली, आणि तीसुद्धा भक्ती जरा जास्त झाल्यामुळे.

माझी एकुलती एक लेक कोलेट हिचं ड्युएनशी लग्न फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी दोन वाजता, समुद्रापलीकडे हॅलिफॅक्सला होतं. मी आणि माझा नवरा ॲम्ब्रोज शुक्रवारी सकाळच्या विमानाने जाणार होतो. गुरुवारी संध्याकाळी बॅगा भरून झाल्या आणि माझ्या मनात आलं, बाळ येशूला आज एक दिवस आधीच बाहेर ठेवलं तर? लग्नासाठी ऊन मागायचं, मग विमानासाठी का नाही?

"ते लग्नासाठी असतं," ॲम्ब्रोज वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला.

"आणि लग्नाला तू काय पोहत जाणार आहेस?"

त्याने पान उलटलं. आमच्या अडतीस वर्षांच्या संसारात पान उलटणं म्हणजे 'कर तुला काय करायचं ते'.

मूर्ती माझ्या आईची. फूटभर उंच, लाल झगा, डोक्यावर सोनेरी मुकुट. मी ती कुंपणाखाली ठेवली खरी, पण समुद्रावरून वारा असा बोचरा येत होता, की त्या लेकराचे उघडे गाल बघवेनात. म्हणून मी त्याचं तोंड घराकडे केलं. वाऱ्याकडे पाठ. कुठल्या आईने वेगळं केलं असतं?

सकाळी दार आत ओढलं, तर समोर बर्फाची भिंत आणि त्या भिंतीवर आमच्या दाराचा हुबेहूब ठसा. टपाल टाकायच्या फटीसकट.

"तुझं ऊन आलंय बघ," ॲम्ब्रोज म्हणाला. "ढीगभर."

त्याने आधी कुंपणापर्यंत बोगदा खणून मूर्ती काढली, मग रस्त्यापर्यंत खणून आम्हाला काढलं. मी बाळ येशूला ॲम्ब्रोजच्या लोकरी मोज्यात गुंडाळलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि त्याला हातातल्या पिशवीत घालून निघाले. लग्नाची खरी आदली संध्याकाळ अजून यायचीच होती. आशा सोडायचं काही कारण नव्हतं.

विमानतळावर काउंटरमागे मॅक्सीन नावाची बाई होती. आमच्या बेटावर अनोळखी माणसालाही 'लाडके' म्हणतात, त्यामुळे वाईट बातमी गोड लागते. पहिल्या दोन वेळा.

"लाडके, नऊचं विमान अकराला."

मी तिथल्या तिथे नवस बोलले: अकराला सुटू दे, ईस्टरपर्यंत चहात साखर घालणार नाही.

"लाडके, अकराचं तीनला."

मी चहाच सोडला.

"लाडके, तीनचं रद्द. उद्या सकाळच्यात बसवते. ते आलं तर. आणि घरी परत जाऊ म्हणाल, तर रस्तेही बंद झालेत."

मग मी बुधवारचा बिंगोचा खेळ सोडला. (पंधरा वर्षं मी हीटरजवळच्या त्याच खुर्चीवर बसते.) ॲम्ब्रोज शेजारी बसून चहा पीत होता, माझा आणि त्याचा, दोन्ही.

"तू सोडलास तो वाया कशाला घालवायचा?" तो म्हणाला.

आमच्यासारखे चाळीसएक लोक तिथे अडकले होते. बर्फात अडकलेली माणसं प्रथम विमान कंपनीला शिव्या घालतात, मग डबे उघडतात, आणि डबे संपले की दुसऱ्याच्या पिशवीत डोकावतात. माझ्या पिशवीत डोकावल्या त्या हाइन्सबाई. वय ब्याऐंशी, दोन लेकी, अकरा नातवंडं, आणि एकाही लग्नात पाऊस नाही.

"तरी म्हटलं मोज्यातून कोण बघतंय! बाहेर ठेवला होतास का गं?"

"ठेवला होता की."

"तोंड कुणीकडे?"

"घराकडे," मी हळूच म्हटलं.

आजूबाजूच्या माना वळल्या.

"घराकडे!" हाइन्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, मग तो रात्रभर तुझ्या स्वयंपाकघरात ऊन पाडत बसला असेल!"

"तरीच मला उकडत होतं," ॲम्ब्रोज म्हणाला.

आमच्या समोर सिरिल नावाचा एक म्हातारा बसला होता, युनायटेड चर्चचा, म्हणजे प्रोटेस्टंट. तो टोपी सारखी करत म्हणाला, "आमच्यात मूर्तीबिर्ती नाही. आम्ही हवामान खात्याला फोन करतो."

"आणि ते काय म्हणतात?" हाइन्सबाईंनी विचारलं.

"बर्फ."

"झालं मग तुमचं! विचारून काय मिळालं?" त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आणि मान? मान मोडलेली आहे का याची?"

"छे हो! आईने जपलाय, मी जपलाय, साधा टवका नाही उडालेला."

"तिथेच घोडं पेंड खातंय. मान मोडल्याशिवाय तो मन लावून काम करत नाही, हे आमची आजीसुद्धा सांगायची. पण आपण होऊन मोडायची नाही हं, पाप लागतं. आपोआप मोडायला हवी."

चाळीस माणसं माझ्या पिशवीकडे मोठ्या आशेने बघू लागली.

"थोडा वेळ मी धरू का त्याला?" सिरिल म्हणाला. "माझे हात फार थरथरतात."

मी पिशवी पोटाशी घट्ट धरली. संध्याकाळ झाल्यावर मात्र हाइन्सबाईंच्या देखरेखीखाली बाळ येशूला मुख्य दरवाज्याबाहेरच्या खांबाशी ठेवलं. पाठ इमारतीकडे, तोंड मोकळ्या आभाळाकडे. मोजा मी काढला नाही. तेवढं मला जमलं नाही.

शनिवारी सकाळी उठून बघते, तर काचेबाहेर तोच पांढरा अंधार. साडेनऊला कोलेटचा फोन आला.

"आई, निघालात का?"

"निघतोच आहोत," मी म्हटलं. (नवस बोलणाऱ्या बाईने खोटं बोलू नये. पण आशा हे खोटं नव्हे.) "तू आधी मला सांग, बूट घालून घरात चाललीस का? नव्या बुटांनी वेदीपर्यंत चालशील तर लंगडशील. आणि आत लोकरीचं काहीतरी घाल, दिसत नाही कुणाला. आणि ड्युएनच्या आईला केक कापू देऊ नकोस, ती जाड काप काढते, मागच्या रांगेला उरायचा नाही. आणि केस..."

"आई."

"...केस वर बांध, मान उंच दिसते..."

"आई! सल्ला नकोय गं मला. तू हवी आहेस. फादर चार वाजता दुसरं लग्न लावणार आहेत. आम्हाला थांबता येणार नाही. तू नसलीस तर मी कुणाकडे बघत चालू?"

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिले. साखर दिली होती, चहा दिला होता, बिंगो दिला होता. आणखी माझ्याकडे होतं काय? मी पुष्कळ विचार केला, आणि जसजसं उत्तर समोर येऊ लागलं, तसतशी मी दुसरीकडे बघू लागले. पण देवासमोर किती वेळ दुसरीकडे बघणार?

मी उभी राहिले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "मला माझ्या लेकीच्या लग्नाला पोचव. मी जन्मात पुन्हा कोलेटला सल्ला देणार नाही."

दोन दिवसांत पहिल्यांदाच ॲम्ब्रोजचं वर्तमानपत्र खाली आलं.

"परत म्हण," तो म्हणाला. "हाइन्सबाई, जरा इकडे या. साक्षीला."

मी परत म्हटलं. आता यापुढचं ऐकून कुणी हसेल, हसू दे. तासाभरात वारा पडला. आधी खिडक्या खडखडायच्या थांबल्या, मग समोरच्या गाड्या दिसू लागल्या, मग त्यांचे रंग. साडेअकराला मॅक्सीन चक्क काउंटरवर चढली आणि ओरडली, "लाडक्यांनो! हॅलिफॅक्सवाल्यांनो! विमान आलं, उठा!"

मी बाळ येशूला आणायला धावले. खांब जागेवर होता. खांबाच्या पायथ्याशी मात्र माझ्या दुप्पट उंचीचा बर्फाचा ढीग होता. पहाटे बर्फ ढकलणारी गाडी येऊन रस्ता छान साफ करून गेली होती.

"लाडके, पंधरा मिनिटांत दार बंद होणार," मॅक्सीन मागून म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला दिसला.

"चल लोरेटा," ॲम्ब्रोज म्हणाला. "तो समजून घेईल."

मलाही कळत होतं, चलायला हवं. लेक तिकडे वाट बघत होती. पण माझ्या आईने तो लग्नात कोटाखालून चर्चमध्ये आणला होता, मीही आणला होता, आणि कोलेटला शब्द दिला होता. माझे पाय हलेनात. डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठायला लागलं.

ॲम्ब्रोजने माझ्याकडे बघितलं. मग वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी केली, ती खिशात घातली, आत जाऊन उपाहारगृहातला चहाचा ट्रे घेऊन आला आणि खणायला लागला.

त्याच्यामागून सिरिल आला, ट्रे घेऊन. मग मॅक्सीन. मग सगळे. चाळीस माणसं चहाच्या ट्रेंनी बर्फ उपसत होती आणि हाइन्सबाई खुर्चीवर बसून दिशा सांगत होत्या. (सगळ्या चुकीच्या. पण सल्ल्याबद्दल बोलायचा अधिकार मी गमावला होता.)

"सापडला!" सिरिल ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "थोडासा."

त्याच्या हातात मुकुट घातलेलं डोकं होतं.

"मान मोडली!" हाइन्सबाई आनंदाने किंचाळल्या. "आपोआप मोडली! आता बघा!"

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच मिनिटाला ॲम्ब्रोजला उरलेला बाळ येशू मिळाला, मोज्यासकट. मी रडू की हसू, ते कळेना, वेळही नव्हता.

तपासणीच्या यंत्राशी एक गंभीर माणूस पडद्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुमच्या पिशवीत डोकं आहे."

"हो," मी म्हटलं. "बाकीचा नवऱ्याकडे आहे."

हॅलिफॅक्सचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. या अर्ध्या तासाला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या शनिवारी त्याच अर्ध्या तासाने तारलं. दोनला पाच कमी असताना आम्ही चर्चच्या पायऱ्या चढलो. मी धड खिडकीत ठेवलं, डोकं शेजारी ठेवलं, आणि खरं सांगते, काचेतून ऊन आलं.

कोलेटने दारातच मला मिठी मारली. "आई! कशी दिसते मी?"

डोक्यावरची नवरीची जाळी डावीकडे कलली होती. केस खाली सोडले होते. बूट करकरीत नवे होते. माझ्या जिभेवर मोजून अकरा वाक्यं होती.

"छान," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने माझ्या कपाळाला हात लावला. "बाबा, हिला ताप आलाय का?"

वेदीपर्यंत ती माझ्याकडे बघत चालत गेली. लंगडत, पण हसत.

घरी परतल्यावर ॲम्ब्रोजने डोकं चिकटवलं. मान मोडलेला बाळ येशू म्हणून त्याचं नाव झालं, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाचंही लग्न असलं की त्याला मागून नेतात. मी नवस पाळत राहिले. मार्च, एप्रिल, मे. ईस्टरला चहा परत मिळाला, बाकीचं सोडलेलं सुटलेलंच.

जूनमध्ये एका संध्याकाळी कोलेटचा फोन आला. "आई, खाऱ्या माशाच्या टिक्क्या तुझ्यासारख्या होत नाहीत गं. कशा करू?"

मी तिला थांबायला सांगितलं आणि आधी आमच्या चर्चच्या फादर जेरार्डना फोन लावला.

"लोरेटा, पाककृती म्हणजे सल्ला नव्हे," ते म्हणाले.

"नक्की ना, फादर?"

"पाककृतीत राहिलीस, तर नक्की."

मी कोलेटला सांगायला लागले. मासा आदल्या दिवशी भिजत घाल, दोनदा पाणी बदल. बटाटे कुस्कर, पण लगदा करू नकोस. कांदा परतायला जाड बुडाचा तवा घे. तुझा तवा पातळ आहे, मी तेव्हाच बघितला होता. आणि तवा ड्युएनला घासायला लाव. पहिल्या वर्षात लावलास तर लावलास, नाहीतर जन्मभर तूच घासशील. आणि त्याच्या आईसमोर लाव, म्हणजे तिलाही कळेल. आणि त्या स्वयंपाकघरातल्या पडद्यांचं म्हणशील तर...

चाळीस मिनिटांनी मी फोन ठेवला. किती दिवसांनी मन असं हलकं झालं होतं!

ॲम्ब्रोज खिडकीशी उभा होता. शेजारच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि आमचा बाळ येशू त्यांच्या कुंपणाखाली उभा होता. पाठ घराकडे, तोंड आभाळाकडे, अगदी नियमाप्रमाणे.

"लोरेटा, पाककृतीच सांगितलीस ना?"

"पाककृतीच."

"हं," तो म्हणाला आणि खिडकीतून बाजूला सरकला, मला दिसावं म्हणून. जूनची नऊ तारीख होती, आणि त्या सोनेरी मुकुटावर भुरभुर बर्फ पडायला लागला होता. "मग शेजारी तू सांगतेस, की मी सांगू?"