वाकडा भांग

अंबादासअण्णा कुठल्याही पात्राचा चेहरा काढायला घेण्याआधी ते पात्र सकाळी काय खाऊन घराबाहेर पडलंय, हे विचारतात. पुस्तकात ते लिहिलेलं असो वा नसो. मुखपृष्ठावर माणूस पाठमोरा उभा असला तरी विचारतात.

सोलापुरात माझं छोटंसं प्रकाशन आहे. वर्षाकाठी आठ-दहा पुस्तकं काढतो आणि त्यातल्या बहुतेकांची मुखपृष्ठं अण्णा करतात. म्हणजे वर्षातून आठ-दहा वेळा माझं डोकं फिरतं. एका रहस्यकथेच्या वेळी मी ताटावर बसलेलो असताना त्यांचा फोन आला.

"सर, तुमचा तो इन्स्पेक्टर सकाळी काय खातो?"

"अण्णा, त्याचा इथे काय संबंध?"

"असं कसं? पोट भरलेला माणूस येगळा बघतो, उपाशी माणूस येगळा बघतो की."

"चहा-खारी खातो. लिहून घ्या." आमटी निवत होती, म्हणून मी विषय संपवला.

चार दिवसांनी मुखपृष्ठ आलं. हातात पिस्तूल, मागे अंधारी गल्ली, सगळं झकास. पण इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यावर पित्त उसळल्याचे भाव. मी तक्रार केली, तर अण्णा म्हणाले, "मग? रोज उपाशीपोटी चहा-खारी. तुमीच सांगितलं की." लेखकाला मात्र तो चेहरा इतका आवडला की पुढच्या पुस्तकात त्याने इन्स्पेक्टरला पित्ताचा विकारच जोडून दिला. असल्या लोकांमुळेच अण्णा शेफारले आहेत.

अण्णा भवानी पेठेतले. घराणं तेलुगू विणकरांचं. उभं आयुष्य त्यांनी चादरींच्या कारखान्यांसाठी नक्षी काढली. आलेखाचा कागद घ्यायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा धरायचा, आणि चौकोन रंगवत रंगवत मोर काढायचा, वेल काढायची. पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेलं. त्यांच्या बरोबरीचे नक्षीवाले घरी बसले. अण्णा साठीला आलेले, तरी त्यांनी मशीन घेतलं, पेनने स्क्रीनवर चित्र काढायची ती पाटी घेतली, आणि वर्षभर कुणाशी न बोलता शिकले. चादरीची कामं कमी झाली तशी ते मुखपृष्ठं करू लागले. ह्या जिद्दीचं मला कौतुक आहे. फक्त ते वर्षातून एकदाच वाटतं, आणि तेव्हा माझं कुठलंच पुस्तक त्यांच्याकडे नसतं.

कागदाची सवय काही सुटलेली नाही. चित्र मोठं करत करत ते असं फुगवतात की नुसते रंगीत चौकोन उरतात, मग समाधानाने मान डोलवून म्हणतात, "हां, आता दिसलं." आपण मुखपृष्ठ बघायला जावं, तर स्क्रीनभर एक तपकिरी पट्टा.

"हे काय आहे?"

"पापणी."

"कुणाची?"

"कळंल की. घाई काय?"

घाई अशी असते की छापखान्यात कागद येऊन पडलेला असतो. पण ते अण्णांना कोण सांगणार?

कॉम्प्युटरने दिलेल्या सोयी त्यांना अपमान वाटतात. चुकलेली रेघ एका बोटाने मागे घेता येते, ती सोय ते वापरत नाहीत. "चुकलं तर चुकलं. त्याच्या शेजारी बरोबर काढायचं," असं त्यांचं म्हणणं. आणखी एक सोय असते. अर्धा चेहरा काढला की उरलेला अर्धा आरशातल्यासारखा आपोआप उमटतो. तिचं नाव काढलं तरी अण्णा चिडतात. "चादरीवरचा मोर अर्धा काढला की झालं, दुसरा अर्धा यंत्रमाग काढतो. जल्मभर अर्धेच मोर काढले मी. माणसाला ते चालत न्हाय सर. माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो."

चित्र झालं की 'फिनिशिंग' सुरू होतं. माझ्या मते तेव्हा ते संपलेलं असतं. अण्णांच्या मते आत्ता कुठे चित्र हातात आलेलं असतं. मग कागदाचा खरखरीतपणा आणायचा, उजेड कुठून येतो ते ठरवायचं, शीर्षकाखाली सावली टाकायची. छापखान्यात रंग थोडे मरतात, म्हणून ते आधीच चढे करून ठेवायचे. एवढं झाल्यावर एक प्रत काढून ती भर दुपारी गच्चीवर नेऊन बघायची. सोलापूरचं ऊन, मे महिना, पायाखाली फरशी तापलेली, आणि मी अनवाणी, कारण अण्णांच्या गच्चीवर पापड वाळत असल्याने चपला चालत नाहीत. "लोक काय ट्यूबलाइटखालीच पुस्तक वाचतेत का?" असं म्हणून ते निवांत बघत राहतात. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत "छान आहे, छान आहे" म्हणतो.

तर गेल्या वर्षी अकलूजच्या एका शिक्षिकेची मुलांसाठीची कादंबरी माझ्याकडे आली. होटगीला रेल्वेच्या रुळांवर काम करणारा एक गँगमन आणि त्याची दहा वर्षांची पोर, सोनी. आई नाही. बाप आणि लेक दोघंच. बाईंच्या शाळेतच रविवारी प्रकाशन ठरलं होतं. मुलांनी नाटुकलं बसवलं होतं, बाई तर महिनाभर आधीपासून रोज फोन करत होत्या. बाईंचं हे पहिलंच पुस्तक. मुखपृष्ठ वेळेवर झालं नाही तर त्या दिवशी व्यासपीठावर नुसता हार आणि नारळ उरला असता.

अण्णांनी पुस्तक वाचलं आणि फोन केला. मी तयारीत होतो. "शिळी भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन निघते," मी आधीच सांगून टाकलं.

"ते आहेच पुस्तकात," अण्णा म्हणाले. "तिची वेणी कोण घालतंय?"

"कुणीतरी घालत असेल हो."

"कुणीतरी म्हणजे? बिड्डाला आई न्हाय." तेलुगूत लेकराला बिड्डा म्हणतात. इन्स्पेक्टरला त्यांनी कधी बिड्डा म्हटलं नव्हतं. "बाईंना इचारा सर. हिचं चुकून चालणार न्हाय."

मी शाळेच्या वेळात बाईंना फोन केला. वर्गातला गलका ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, "मी लिहिलं नाहीये, पण वडीलच घालत असणार ना?" हे अण्णांना कळवलं, तर ते "व्हय" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, चला, सुटलो.

कसला सुटतोय. दुसऱ्या दिवशी अण्णा होटगीला. फलाटावर सकाळचा उजेड कसा पडतो ते बघायला. तिसऱ्या दिवशी पुन्हा होटगीला, कारण आदल्या दिवशी ढग होते. मग चार दिवस फोन बंद. घरी गेलो तर दार लावून बसलेले, आतून म्हणाले, "केस चालू हायेत." मी दारातच ओरडलो की मुखपृष्ठावर दहा वर्षांची मुलगी आहे, तिचे केस काय जन्मभर चालणार आहेत का. शेजारच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या. माझं रक्त उकळत होतं.

शेवटी बुधवारी संध्याकाळी फाइल आली, गुरुवारी सकाळी छपाई. मी थेट छापखान्यात गेलो. तिथला रफिक फाइली नीट लावून घेतो, हुशार माणूस. त्याने चित्र उघडलं. मान्य करायला हवं, चित्र सुंदर होतं. रुळाकडेला सोनी उभी, हातात बापाचा डबा, मागून मालगाडीची धूळ आणि धुळीतून येणारं कोवळं ऊन. त्या उन्हासाठी दोनदा होटगी झाली होती, आणि ते दिसत होतं.

रफिक म्हणाला, "सर, पोरीचा भांग वाकडा हाय की. ह्यो बघा, हितनं सरळ निघालाय आन् मागं डावीकडं गेलाय. येणी पण एक जाड, एक बारीक."

मी बघितलं. खरंच. भांग वाकडा होता, एका वेणीत केस जास्त आले होते, एक रिबीन वर आणि एक खाली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पापणीचे चौकोन मोजणारा हा माणूस अखेर चुकला होता. म्हातारपण आलं, नजर गेली, असं मी मनाशी म्हणालो.

कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. प्रत्येक काचेला नाव देता येतं. बाकीचे लोक एक, दोन, तीन अशी नावं देतात. अण्णांची नावं म्हणजे 'गाडी गेल्यावरची धूळ', 'डब्यातली भाकरी (दिसत नाही)' असली. ह्या वेण्या ज्या काचेवर होत्या तिचं नाव होतं 'बापाचा हात'. चित्रात बाप कुठेच नव्हता. ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, अशी माझी खात्रीच पटली.

"करू का सरळ? दोन मिन्टाचं काम हाय," रफिक म्हणाला. त्याने डावी बाजू घेतली आणि आरशातल्यासारखी उजवीकडे उलटवली. मधोमध सुतासारखा भांग, दोन्ही वेण्या सारख्या, रिबिनी एका उंचीवर. सोनी एकदम टापटीप दिसायला लागली. मी म्हणालो, "छाप."

शनिवारी पुस्तकं बांधून आली. पहिली प्रत घेऊन मी अण्णांकडे गेलो. वेळेत झालं ह्या आनंदात माझा सगळा राग ओसरला होता. येताना त्यांच्यासाठी पेढेही घेतले होते. अण्णांनी चष्मा पुसला, पुस्तक खिडकीपाशी नेलं आणि बघत उभे राहिले.

"भांग सरळ केला तुमी."

"वाकडा गेला होता अण्णा. घाईत राहिलं असेल. आम्ही नीट करून घेतला," मी उदारपणे म्हणालो.

"तीन दिवस लागले सर तो वाकडा काढायला."

अण्णा खुर्चीत बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं.

"माझी लक्ष्मी चार वर्षांची असताना तिची आई गेली. तवापासनं दहावीपतूर मी घातली येणी. दिवसभर चौकोनात सरळ रेघा मारायचो, पण पोरीच्या डोक्यावर कंगवा टेकवला की हात थरथरायचा. दुखंल तिला म्हणून. रोज वाकडा. शाळेतल्या बाई सोडून परत घालायच्या. पोरगी घरी यायच्या आधी पुन्यांदा इस्कटून यायची, मला वाईट वाटू नये म्हणून. मला म्हाईत नव्हतं. तिच्या लग्नात तिच्या मैत्रिणीनं सांगितलं."

लक्ष्मी हैदराबादला असते, एवढंच मला ठाऊक होतं. आता अण्णांनीच सांगितलं. ती रविवारी फोन करते. 'नायना', म्हणजे बाबा, अशी हाक मारते, जेवला का, गोळी घेतली का विचारते, ठेवते. तिचा संसार, तिची नोकरी. तिला वेळ नसतो आणि ह्यांना बोलायला सुचत नाही.

"म्हटलं, हे पुस्तक तिला पाठवावं. सांगायचं काय न्हाय. बघू, वळखती का."

मला लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस प्रश्न विचारतो म्हणून मी वैतागत आलो, आणि ह्या वेळी एक प्रश्न मी विचारायचा होता, तो विचारला नाही. "पुढच्या आवृत्तीला तुमचंच चित्र घेतो," मी म्हणालो.

"तुमची पुढची आवृत्ती निघते का कधी?" अण्णा म्हणाले. मग पुन्हा मुखपृष्ठाकडे बघून, अगदी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. वाईट न्हाय दिसत. बिड्डाला आई मिळाली म्हणायचं."

रविवारी अकलूजला समारंभ झाला. मुलांनी नाटुकलं केलं, बाई रडल्या, सगळ्यांनी मुखपृष्ठाची तारीफ केली. मी खाली मान घालून बसलो होतो. सोमवारी छापखाना उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. रफिककडून अण्णांची मूळ फाइल जशीच्या तशी एका जाड कागदावर काढून घेतली, एका प्रतीचं कव्हर सोडवून तिला हे डकवलं, आणि कुरिअरच्या पाकिटावर लक्ष्मीचा पत्ता अण्णांकडून घालून घेतला. आत चिठ्ठी टाकू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी, मी ताटावर बसलेलो असताना, अण्णांचा फोन आला. नव्या कादंबरीतल्या नायकाच्या नाश्त्याची चौकशी असणार म्हणून मी नाखुशीनेच उचलला.

"लक्ष्मीचा फोन आलेला," अण्णा म्हणाले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, नायना, भांग वाकडा काढलाय की."

"मग?"

"मग काय न्हाय. दोघं बी गप बसलो. पण फोनच ठेवंना पोरगी."