शंभर टक्के प्रतिसाद

"गावात कुणाच्या म्हशीला नुसती शिंक आली, तरी तासाच्या आत ग्रामपंचायतीला कळलं पाहिजे! आणि तासाच्या आत ग्रामपंचायतीचं उत्तर गेलं पाहिजे!"

बिभीषणानं हे भर ऑफिसात, टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. समोर सरपंच बानाबाई बसल्या होत्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हशीला उत्तर कोन देनार?"

"आक्का, तुम्ही बघा तर खरं!"

बिभीषण हा बेलगव्हाण ग्रामपंचायतीचा क्लार्क. चितेगाव मागं टाकून पैठण रस्त्यानं आत वळलं की हे गाव लागतं. बावीस वर्षं त्यानं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, रहिवासी दाखले लिहिले, पण सत्कार म्हणून आयुष्यात एकदाच झाला. तोही चुकून, दुसऱ्या एका बिभीषणाच्या वाटची शाल ह्याच्या अंगावर पडली होती म्हणून. ती पण नंतर परत मागून नेली.

आदल्याच दिवशी तो संभाजीनगरला प्रशिक्षणाला जाऊन आला होता. तिथं गारेगार हॉलमध्ये एका तरुण साहेबानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत सांगितलं होतं, "लोक ग्रामसभेला येत नाहीत ना? मग ग्रामसभेनं लोकांच्या खिशात जायचं! मोबाइलवर! जो बोलेल त्याला प्रतिसाद द्यायचा. महिनाभरात ज्या गावाचा प्रतिसाद सगळ्यात जास्त, त्या गावात मी स्वतः येऊन सत्कार करणार!"

सत्कार हा शब्द बिभीषणाच्या कानात शिरला तो बाहेर पडायलाच तयार नव्हता.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'आपलं बेलगव्हाण, आपला आवाज' हा गट तयार झाला. दोन दिवसांत सहाशे बारा माणसं आत! बिभीषण हरखून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन उघडला, तर चौऱ्याऐंशी गुलाबाची फुलं, एकोणीस उगवते सूर्य आणि दोन वाफाळते चहाचे कप. आता प्रतिसाद म्हटल्यावर प्रत्येकाला दिला पाहिजे. तो एकेकाला 'नमस्कार, आपला दिवस शुभ जावो' लिहीत बसला. दुपारी दोनपर्यंत त्याचा दिवस संपला आणि बोटं डिंकाच्या लाडवासारखी कडक झाली.

ही तपश्चर्या त्याची बायको मंजुषा बघत होती. ती अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, उंच्या, खिचडीचे फोटो, सगळं मोबाइलवर चढवून चढवून तिची बोटं त्या कामात तयार झालेली.

"अहो, काहून मरायलेत लिहून लिहून? मेसेजवर बोट दाबून धरा. हा बघा, अंगठा आला. दिला अंगठा की झालं उत्तर."

बिभीषणानं दाबलं. पिवळाधमक अंगठा टपकन उमटला.

"एवढंच?"

"एवढंच. फक्त वाचून द्या मात्र."

पहिलं वाक्य त्यानं ऐकलं. दुसरं ऐकू आलं तेव्हा तो पंधराव्या गुलाबापाशी पोचला होता.

त्या दिवसापासून बिभीषण अंगठे वाटत सुटला. जेवताना डाव्या हातानं अंगठे, दाढी करताना गालाला फेस लावून अंगठे. एसटीची वाट बघताना, कुणाच्या मयतीला उभं राहिल्यावर, लघवीला गेल्यावरसुद्धा अंगठे! वाचायला वेळ कुणाला होता? शुक्रवारी अहवाल गेला : आलेले संदेश ४१८, प्रतिसाद ४१८. साहेबांचा फोन आला, "बिभीषणराव, शंभर टक्के! तालुक्यात पहिले आहात!" बिभीषणाची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं वरून दुसरं बटण तुटून चहात पडलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो मोटारसायकलवरून ऑफिसला निघाला होता. फकिराच्या घरापुढं आला आणि गाडी अचानक आभाळात गेली! खाली आली तेव्हा डब्यातलं वरण बिभीषणाच्या पाठीवर होतं. रस्त्यात मातीसिमेंटचा असा गतिरोधक, की त्यावर बकरी चढली तर तिला गाव दिसावं.

"फकिरा! हे काय करून ठेवलं? कुणाला विचारलं व्हतं?"

फकिरा दात घासत बाहेर आला. "तुमालाच की, अप्पा!"

"मला?"

फकिरानं फोन पुढं केला. मेसेज होता : 'ट्रॅक्टरवाले लई जोरात जायलेत. माझ्या दारापुढं स्पीडब्रेकर टाकू का?' आणि त्याखाली ग्रामपंचायतीचा पिवळाधमक अंगठा.

बिभीषणानं तो मेसेज दोनदा वाचला. पण वाचलंच नाही म्हणून कबूल करायचं कसं? सावरून म्हणाला, "हां हां. ते बरोबर आहे. पण एवढा उंच?"

"उंचीचं मी विचारलंच नव्हतं," फकिरा म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

खरं बोलायचं तर त्याच दिवशी बिभीषणानं शहाणं व्हायला हवं होतं. संध्याकाळी तो चष्मा लावून मेसेज वाचायला बसलाही. पण गुलाब, सूर्य आणि देवांच्या फोटोंच्या ढिगाऱ्यातून तेविसावा मेसेज वाचेपर्यंत दीडशे नवे आले. टक्केवारी घसरून सतरावर आली! तेवढ्यात साहेबांचा फोन. "बिभीषणराव, बावीस तारखेला येतोय तुमच्या गावात. शाल, श्रीफळ, फोटो. तोवर आकडा पडू देऊ नका!"

बिभीषणानं चष्मा काढला आणि पुन्हा अंगठ्याला जुंपलं.

फकिराला मिळाला तर आम्हाला का नाही, म्हणून गावानं आपापल्या दारापुढं गतिरोधक मागितले. सगळ्यांना अंगठा! वेशीपासून पारापर्यंत दोनशे मीटरमध्ये अकरा गतिरोधक उभे राहिले. बिभीषण आता ऑफिसला पायी यायला लागला.

बावीस तारीख उजाडली. बिभीषणानं इस्त्रीचा सदरा घातला आणि सत्काराची जागा बघायला समाजमंदिरात गेला. दारातच थबकला. आत दोन मांडव होते. एका बाजूला कडुबाच्या मुलीच्या साखरपुड्याची खुर्च्यांची रांग, दुसऱ्या बाजूला नानासाहेबांच्या नातवाच्या जावळाची पंगत. मधोमध कडुबा आणि नानासाहेब एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे. नानासाहेब म्हणजे गावातले मोठे मोसंबीवाले, आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा.

"मला परवानगी हाय!" कडुबा ओरडला. त्यानं फोन दाखवला. अंगठा होता.

"आणि हे काय, माझं कपाळ?" नानासाहेबांनी आपला फोन दाखवला. तिथंही अंगठा.

दोघांनी एकदम बिभीषणाकडं बघितलं. न्हावी वस्तरा घेऊन उभा होता, नवरदेवाकडचे दोनशे पाहुणे टेम्पोतून उतरत होते आणि जावळाचं पोर भोकाड पसरून रडत होतं. बिभीषणालाही तेच करावंसं वाटलं.

"आलोच," म्हणून तो सटकला. सत्कार ऑफिसातच उरकू, असं ठरवून त्यानं ऑफिसचं दार उघडलं. साहेबांसाठी धुऊन टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर मुक्ताबाईची शेळी बसली होती. खाली नागरिकांच्या सनदेच्या फळ्याला टेकून दोन ओलीचिंब करडं थरथरत उभी होती.

"मुक्ताबाई!"

मुक्ताबाई कोपऱ्यातून पुढं आली. "वरडू नका, बाळंतीन हाय. गोठा गळायलाय, चार दिस ऑफिसात ठेवू का म्हनून लेकाकडून इचारलं व्हतं. तुमी अंगठा दिला. देव तुमचं भलं करो!"

तेवढ्यात वेशीकडून आवाज आला. धाड! मग पुन्हा धाड! बिभीषण मनात मोजत होता. आठ... नऊ... दहा... अकरा. जीप पारापाशी थांबली. दार उघडून साहेब उतरले तेव्हा त्यांचा चष्मा हनुवटीवर आला होता आणि एक हात डोक्यावर, जिथं जीपचं छत अकरा वेळा लागलं होतं.

पण नशीब बघा! समाजमंदिरातलं भांडण पारापर्यंत आलेलं आणि ते बघायला अख्खं गाव जमलेलं. साखरपुड्याचे दोनशे, जावळाचे दीडशे, वर बघे वेगळे. साहेबांनी चष्मा जागेवर आणला, गर्दी बघितली आणि डोकं दुखायचं विसरले.

"वा! वा! केवढा हा लोकसहभाग! बिभीषणराव, कमाल केलीत!"

बिभीषण काही बोलणार, तोवर साहेबांनी त्याला पारावर ओढलंच. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. बानाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांची नजर मात्र बिभीषणाच्या घामावर होती.

"आता एक गंमत करू या," साहेब म्हणाले. "ह्या गटावर ज्या मेसेजला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले, तो गावाचा खरा आवाज! तो मी वाचून दाखवतो." त्यांनी बिभीषणाच्या खिशातून फोन घेतला, वरखाली सरकवला. "हा बघा. तीनशे अकरा अंगठे! पाठवणारे, नानासाहेब. मजकूर असा : 'आपले क्लार्क बिभीषण अप्पा हे मेसेज वाचत नाहीत, नुसते अंगठे देतात, असा माझा पक्का संशय आहे. त्यांना कामावरून काढून टाकावे. सहमत असाल तर अंगठा द्या.'"

तेवढ्यात ऑफिसातलं करडू ओरडलं, ते पारापर्यंत ऐकू आलं.

"पहिला अंगठा..." साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "बिभीषणराव, पहिला अंगठा तुमचाच आहे."

हसू फुटलं ते असं, की झाडावरचे कावळे उडाले. बिभीषणाच्या हातातला नारळ घरंगळत पायऱ्यांवरून खाली गेला. तो कुणी उचललाही नाही.

"आणि दुसरा मंजुषाताईंचा!"

बिभीषणानं गर्दीत बायकोला शोधलं. "तू पण?"

"मी तरी वाचून दिला!" मंजुषा म्हणाली.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, लोकांचा कौल स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीला ह्याचा विचार करावा लागेल." बावीस वर्षांची नोकरी एका बोटाच्या टोकावर लटकत होती, आणि ते बोट त्याचंच होतं!

तेव्हा बानाबाई पुढं झाल्या. जन्म मेंढरांमागं गेलेला, सही करायला सरपंच झाल्यावर शिकलेल्या.

"थांबा सायेब," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्सं कागदावर अंगठा उठवला. पन कुनी चारदा वाचून दाखविल्याबिगर कंदी नाय. बिभीषना, तू शिकलेला. तुला वाचता येत असून तू अंगठा देत सुटला. तुझं चुकलंच."

"चुकलं, आक्का," बिभीषण पुटपुटला. महिनाभरात त्यानं नीट ऐकून दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

बानाबाई गर्दीकडं वळल्या. "आता तुमी सांगा. त्ये तीनशे अकरा जन कुटं हायेत? ह्याला काढा म्हनून लिवलेलं किती जनांनी वाचलं व्हतं? हात वर करा."

नानासाहेबांचा हात वर गेला. मंजुषाचा गेला. बाकी सगळे एकमेकांच्या चपला बघायला लागले.

"फकिरा, तू?"

"मला वाटलं गुलाबाचं फूल आलंय," फकिरा म्हणाला.

"सगळे एका माळेचे मणी! मग काढायचं तर सगळ्या गावालाच काढावं लागतंय," बानाबाई म्हणाल्या. "माझं ऐका. आजपासून महिनाभर रोज पाच वाजता बिभीषन पारावर बसंल. आल्याला परतेक मेसेज मोठ्यानं वाचंल. ज्याचा मेसेज त्यानं समोर येऊन बसायचं. मंग काय द्यायचा त्यो अंगठा देऊ. आनि कडुबा, नानासायेब, सकाळी साखरपुडा, दुपारी जावळ, सैपाक येकत्र. भांडलात तर शेळी समाजमंदिरात आनून बांधीन!"

साहेबांना जेवायचा आग्रह झाला, पण त्यांना परत अकरा गतिरोधक ओलांडायचे होते. रिकाम्या पोटी बरं, म्हणून ते निघून गेले.

बिभीषण दुसऱ्या दिवशी पाचला मान खाली घालून पारावर बसला. पहिला मेसेज एका गुलाबाचा होता. तो त्यानं मोठ्यानं वाचला : "गुलाबाचं फूल. पाठवणारा, कडुबा." लोक हसले. कडुबानं परत फूल पाठवलं नाही. चार दिवसांत फुलं आटली आणि खाली दबलेली खरी गाऱ्हाणी वर आली. शाळेच्या मागची गटार, स्मशानाच्या वाटेवरची पडलेली बाभळ, वरच्या आळीला न पोचणारं पाणी. गाऱ्हाणं वाचलं की ते घालणारा समोरच, ज्याच्यावर घातलं तोही समोरच. दोघं तावातावानं भांडायचे, बाकीचे मध्ये पडायचे आणि काहीतरी ठरून जायचं. अकरांतले नऊ गतिरोधक असेच पारावर ठरवून फोडले. फकिराचा तेवढा राहिला, कारण ट्रॅक्टरवाले खरंच जोरात जात होते. तो मात्र बकरीला गाव दिसणार नाही इतका बुटका केला. उरलेला एक शाळेपुढं ठेवला.

पुढं पुढं तर लोकांना मेसेज पाठवायचा कंटाळा यायला लागला. पाचला पारावर जायचंच आहे, मग तोंडानंच सांगू! बाया निवडायचे तांदूळ घेऊन यायच्या, म्हातारे शेंगा फोडत बसायचे. ज्या ग्रामसभेला कधी सही करण्यापुरती सात डोकी जमली नव्हती, तिथं रोज सव्वाशे माणसं.

महिना संपला त्या दिवशी ऐन बैठकीत साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"बिभीषणराव, हे काय? तुमच्या गटावर आठवडाभर एकही संदेश नाही? तालुक्यात शेवटचा नंबर! आणखी आठवडाभर असंच राहिलं तर नोटीस काढावी लागेल. विषय : लोकसहभागाचा अभाव!"

"साहेब, पण लोक इथं माझ्या समोरच..."

"समोर असून काय उपयोग? मोबाइलवर दिसले पाहिजेत ना!"

फोन बंद झाला. बिभीषणानं तो खिशात टाकला.

"काय म्हनले सायेब?" बानाबाईंनी विचारलं.

"आपल्या गावात लोकांचा सहभाग कमी पडतोय म्हणे, आक्का."

"असंल, असंल," बानाबाई म्हणाल्या. "तू जरा तिकडं सरकून बस. मागच्यांना बसायला जागा नाय."