व्हेरीची जागा

वांगरूळ तालुक्याला इंग्रजीतला 'व्हेरी' हा शब्द एकच मंजूर होता, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो आजारी पडून रजेवर गेला.

तहसील कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसणाऱ्या यशवंत हरगुड्यांना याचं नवल वाटलं नाही. सत्तावीस वर्षं ते तालुक्याचे इंग्रजी अर्ज टाइप करत होते. वाक्याला जोर हवा असला की कचेरीतून व्हेरीला आणायचं, त्यानं कागदावर सोडलेल्या जागेत पालथं पडायचं आणि ठसा उमटला की उठायचं, अशी पद्धत होती. बोटभर उंचीचा जीव, पडून पडून किती पडणार? पण एका व्हेरीनं साहेबाला पाझर फुटत नाही, अशी वांगरूळकरांची ठाम समजूत. साध्या सर्दीच्या रजेसाठीही मंडळी त्याला लागोपाठ तीनदा पाडत. अलीकडे त्याचा ठसा इतका पुसट यायचा की व्हेरी गुड वाचून लोक 'ठीक आहे' एवढंच समजत.

अशात हौसाबाई थोरवे आल्या. पिशवीतून त्यांनी आधी चष्मा काढला, मग एक पत्ता.

"भाऊ, सुनंला पत्र लिवायचंय. इंग्रजीत."

सून लिसी, केरळची, नर्स. महिन्यापूर्वी नातीच्या बारशाला तिनं दोन दिवस खपून परातभर केळ्याचे चिप्स तळले होते, माहेरच्या पद्धतीनं, खोबरेल तेलात. भरल्या घरात हौसाबाई म्हणाल्या, 'हे डोक्याला लावायचं तेल, कुणी खाऊ नका,' आणि परात नेऊन म्हशीपुढं ओतली. दुसऱ्या दिवशी लिसी तान्हीला घेऊन कोट्टायमला गेली. मुलगा तेव्हापासून आईशी बोलत नव्हता.

"फोन करा की," हरगुडे म्हणाले. "तिला मराठी समजतं."

"समजतंय, त्येच तर वाईट झालं. माझं मराठी तिनं त्या दिवशी पोटभर ऐकलंय. आता माफी बी त्याच तोंडानं मागू व्हय?"

हरगुड्यांनी टाइपरायटर पुढे ओढला. त्यांनी कागद चढवला. पण पहिल्याच वाक्यात सॉरी आलं, आणि सॉरीच्या आधी जोर हवा होता.

दोघं कचेरीत गेले. शब्द शाखेच्या कारकून नंदा ढोबळे यांनी रजेचा कागद दाखवला. "व्हेरी मिळणार नाही. बदली माणूस देते."

आधी एक्स्ट्रीमली आला. इस्त्रीचे कपडे, मान ताठ. खासगी पत्रात आणि तेही सॉरीपुढे आपण पडत नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. रिअली तयार होता, पण त्याचा चेहराच असा की पाहणारा म्हणे, 'खरंच का?' त्याला हौसाबाईंनीच परत पाठवलं. सो हलका, उत्साही. मात्र तो एकटा येत नाही, मागे शेपूट लागतं.

"इतकी सॉरी की काय, ते सांगावं लागेल," नंदाताई म्हणाल्या.

हौसाबाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. "की... दोन घास उतरंनात. पन हे लिवू नका. तिला वाटंल, सासू उपाशी ऱ्हाऊन धाक घालतीया."

मग त्या म्हणाल्या, "त्या आजाऱ्यालाच भेटू द्या मला. एकदाच पडंल तो."

व्हेरी टेबलाच्या खणात कापसावर निजला होता. बाई दिसताच तो सवयीनं उठू लागला आणि कोपरं टेकून धापा टाकू लागला. त्याच्या छातीवरची शाई पार उडाली होती. हौसाबाईंना भडभडून आलं. त्यांनी करंगळीनं त्याला हळूच परत निजवलं.

"नगं रं लेकरा. झोप तू."

बाहेर येऊन त्या हरगुड्यांना म्हणाल्या, "त्याची जागा मोकळी सोडा."

"मोकळी जागा पाहून तिला काय कळणार?"

"एसटीत जागा कशी धरत्यात? रुमाल टाकूनच का न्हाई?" असं म्हणून त्यांनी रुमालाचा नखाएवढा कोपरा फाडला आणि सॉरीच्या आधीच्या मोकळ्या जागेत डिंकानं चिकटवला. हरगुड्यांनी सत्तावीस वर्षांत असं पत्र पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी लिफाफा स्वतः पोस्टात नेऊन टाकला.

पुढचे बारा दिवस हौसाबाई रोज येऊन बाकावर बसत. काही विचारत नसत. हरगुडे आपणहून नकाराची मान हलवत आणि त्या घरी जात. तेराव्या दिवशी हरगुड्यांच्या पत्त्यावर पार्सल आलं.

आत केळ्याच्या चिप्सची पुडी होती. पुडीत धुऊन इस्त्री केलेला रुमालाचा कोपरा, आणि त्यावर मांडी घालून बसलेला एक धष्टपुष्ट व्हेरी, खोबरेल तेलानं चकचकीत झालेला. सोबत चिठ्ठी. हरगुड्यांनी ती मराठीत सांगितली.

"'धरलेली जागा मिळाली. तुमचा बरा होईपर्यंत आमच्याकडचा राहू दे. रविवारी बाळाला घेऊन येते. या वेळी म्हशीला देऊ नका.'"

नंदाताई चष्मा पुसत बाहेर आल्या. परराज्यातला शब्द, नेमणुकीचा आदेश नाही. थोडा विचार करून त्यांनी त्याची नोंद 'पाहुणा' अशी केली आणि आजाऱ्याच्या खणात आणखी कापूस घालायला सांगितलं.

हौसाबाईंनी एक चिप्स उचलला. वास घेतला. मग तोंडात टाकून सावकाश, शेवटपर्यंत चावून खाल्ला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"लई चांगलं झाल्यात," त्या म्हणाल्या.

पाहुणा व्हेरी कामासाठी उठून उभा राहिला होता. आपली गरज नाही हे कळल्यावर तो पुन्हा रुमालावर बसला.